ठसका लागला होता का?

शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही. फुटाणा, चिंचोका, सीताफळाची बी, वाजणाऱ्या खेळण्यातून निघालेली प्लास्टिकची शिट्टी, यांपैकी काहीच दिसत नाही. नाणे, टाचणी, पैंजणाचे घुंगरू किंवा कानातल्याची फिरकी असेल तर ती फोटोत पांढरीशुभ्र उमटते आणि पुढचा मार्ग लगेच ठरतो. पण लहान मुलांच्या श्वासनलिकेत शिरणाऱ्या वस्तूंमध्ये धातूच्या वस्तू कमी आणि खाण्याचे जिन्नस अधिक असतात, आणि त्यांतही शेंगदाण्याचा क्रमांक आपल्याकडे फार वरचा आहे. नागपुरातील एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करताना मुलांच्या छातीचे फोटो काढणे हे माझे रोजचे काम होते. निदान करणे डॉक्टरांचे काम, माझे नव्हे. परंतु फोटो काढणाऱ्याला मुलाचे घरचे लोक जरा वेगळ्या अवस्थेत भेटतात. डॉक्टरांसमोर बसलेले कुटुंब सावरून, तोलून बोलते. फोटोच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले कुटुंब आपसांत बोलते. फोटोत जे दिसत नाही ते घरच्यांच्या आठवणीतून बाहेर यावे लागते, आणि ती आठवण बाहेर येणे किती अवघड असते हे मी त्या बाकापाशी पाहिले आहे.

नागपूरला येणारी अशी मुले एकट्या नागपूरची नसतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, शिवाय सीमेपलीकडच्या छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडूनही ती येतात. सोबतच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांची चळत असते आणि त्या तारखेप्रमाणे लावून पाहिल्या की सगळी हकिगत कळते. आधी खोकल्याचे पातळ औषध, मग प्रतिजैविक, मग वाफ, मग न्यूमोनिया म्हणून आठवडाभर भरती, घरी गेल्यावर पंधरा दिवस बरे, पुन्हा ताप, पुन्हा न्यूमोनिया. पुढे कोणीतरी बालदमा लिहिलेला असतो आणि पंप सुरू केलेला असतो; काहींना क्षयरोगाची औषधेही सुरू झालेली असतात. या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण मला तो द्यावासा वाटत नाही. खोकला आणि घरघर घेऊन येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना खरोखरच विषाणूसंसर्ग, दमा किंवा न्यूमोनिया झालेला असतो. शिवाय प्रतिजैविकाने साचलेला संसर्ग ओसरतो, स्टेरॉइडने नळीची सूज उतरते, मूल काही दिवस हसूखेळू लागते आणि निदान बरोबर होते अशी सर्वांचीच खात्री पटते. त्या चिठ्ठ्यांमध्ये अडखळून थांबावे अशी खूण बहुधा एकच असते, ती म्हणजे न्यूमोनिया दरवेळी त्याच बाजूला आणि त्याच भागात झालेला असतो.

हा अपघात १ ते ३ वर्षांच्या वयात सर्वाधिक होतो. या वयात समोरचे दात आलेले असतात, त्यामुळे मूल दाण्याचा तुकडा पाडू शकते. पण तो भरडून बारीक करणाऱ्या दाढा अजून पुरत्या आलेल्या नसतात. दुधाच्या शेवटच्या दाढा यायला साधारण अडीच वर्षे लागतात, आणि दाढा आल्या म्हणून चावून गिळण्याची सवय लगेच पक्की होत नाही. त्यातच मूल नुकते चालायला लागलेले असते, सापडेल ती वस्तू तोंडात घालून पाहते, तोंडात घास असताना धावते, हसते, रडते. हसता-रडताना एकदम खोल श्वास आत ओढला जातो, स्वरयंत्र उघडे असते आणि अर्धा दाणा त्या श्वासाबरोबर खाली जातो. या वयातली श्वासनलिका जेमतेम ६ ते ७ मिलिमीटर रुंद असते.

त्या क्षणी मुलाला ठसका लागतो. खोकल्याची उबळ येते, चेहरा लाल होतो, कधी ओठ निळे पडतात. वस्तू मोठी असून स्वरयंत्रातच अडकली तर जिवावर बेतते. पण बहुतेक वेळा ती लहान असते आणि मुख्य श्वासनलिका ओलांडून खालच्या एका शाखेत जाऊन बसते. पुष्कळदा उजव्या शाखेत, कारण ती डावीपेक्षा रुंद आणि अधिक सरळ उतरणारी असते. वस्तू तिथे स्थिरावली की खोकला उठवणाऱ्या संवेदना थोड्या वेळाने मंदावतात. उबळ थांबते. मूल पाणी पिते, रडून झोपी जाते, उठून खेळू लागते. घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि ‘गेलं निघून’ असे म्हणतात. या शांत काळाइतकी फसवी गोष्ट या दुखण्यात दुसरी नाही. हा काळ कधी काही तासांचा असतो, कधी काही आठवड्यांचा.

आत काय चाललेले असते ते समजून घेण्यासारखे आहे. श्वास घेताना श्वासनलिकेच्या शाखा किंचित रुंदावतात आणि सोडताना आकसतात. अर्धवट अडलेल्या शाखेत श्वास घेताना वस्तूच्या कडेने हवा आत शिरते, पण सोडताना नळी वस्तूभोवती आवळली जाते आणि हवा बाहेर पडू शकत नाही. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा एकाच दिशेने जाऊ देतो, तसाच हा प्रकार. प्रत्येक श्वासाबरोबर त्या बाजूचे फुप्फुस थोडे अधिक फुगते. दाणा स्वतः दिसत नसला तरी त्याने कोंडून ठेवलेली हवा एक्स-रेमध्ये दिसू शकते, मात्र त्यासाठी फोटो नेमक्या क्षणी काढला गेला पाहिजे. छातीचा नेहमीचा फोटो श्वास भरून घेतलेला असताना काढतात, आणि तेव्हा दोन्ही बाजू भरलेल्याच असल्याने फरक कळून येत नाही. श्वास सोडलेल्या क्षणी काढला तर निरोगी फुप्फुस लहान आणि पांढुरके होते, अडलेले फुप्फुस तसेच मोठे आणि काळे राहते आणि हृदयाची सावली निरोगी बाजूकडे सरकलेली दिसते.

मोठ्या माणसाला ‘श्वास सोडा, थांबा’ असे सांगता येते. दीड वर्षाच्या मुलाला ते सांगून उपयोग नसतो. आई किंवा वडील शिशाचा एप्रन घालून त्याला धरून ठेवतात. ते मूल अनोळखी खोली, गार टेबल आणि डोक्यावरचे यंत्र पाहून जिवाच्या आकांताने रडते, आणि ते रडणेच आमच्या उपयोगी पडते. रडताना मूल लांबलचक श्वास सोडते. मी बटणावर बोट ठेवून मुलाच्या पोटाकडे पाहत असे. टाहो सुरू झाला की पोट आत जाऊ लागते, सूर उतरत जातो, शेवटी शेवटी आवाज नुसता घासल्यासारखा उरतो आणि पुढचा श्वास आत ओढण्याआधी क्षणभराची उसंत मिळते. बटण त्या उसंतीत दाबायचे असते. कधी डॉक्टर पोटावर हलकेच तळहात दाबून धरत. कधी मुलाला एका कुशीवर निजवून फोटो काढायला सांगत, कारण कुशीवर निजल्यावर खालच्या बाजूचे फुप्फुस एरवी दबते, आणि ते दबले नाही तर आत हवा कोंडली असल्याचा संशय बळावतो. क्षण हुकला तर पुन्हा फोटो, म्हणजे कोवळ्या शरीरावर पुन्हा किरण. म्हणून तो न हुकवणे ही माझ्या कामातली सर्वांत मोठी जबाबदारी मी मानत आलो. आता संशय आला तर सीटी स्कॅन करता येते आणि त्यात शाखेतला अडथळा पुष्कळ स्पष्ट दिसतो. साध्या फोटोत मात्र सगळे काही नीट करूनही कित्येक मुलांमध्ये काहीच वेगळे दिसत नाही. फोटो स्वच्छ आला म्हणजे आत काही नाही, असे कोणीही समजू नये.

आत राहिलेला दाणा ओलाव्याने फुगतो, मऊ पडतो आणि त्यातले तेल नळीच्या नाजूक अस्तराला झोंबते. अस्तर सुजते, आणि वस्तूभोवती मांसांकुर वाढू लागतात, ज्यांना जरा धक्का लागला तरी रक्त येते. हळूहळू वाट पूर्ण बंद होते. पलीकडची कोंडलेली हवा रक्तात शोषली जाते आणि फुप्फुसाचा तेवढा भाग मिटून जातो. मिटलेल्या भागात कफ साचतो आणि त्यात जंतू वाढतात. नळीच्या अस्तरावर कफ वर ढकलत राहणारे सूक्ष्म केस असतात, ते नष्ट होतात. पुन्हा पुन्हा होणाऱ्या संसर्गाने नळीची भिंतच सैल पडते आणि ती कायमची रुंदावते. ब्राँकिएक्टॅसिस हे त्या अवस्थेचे नाव. रुंदावलेल्या नळीत कफ साचतो, त्याचा पू होतो, आणि पू पुन्हा भिंत पोखरतो. त्यानंतर दाणा काढला तरी नळी पूर्ववत होईल याची शाश्वती नसते. काहींच्या फुप्फुसात गळू होते, काहींच्या खोकल्यातून रक्त पडते, आणि काहींच्या फुप्फुसाचा तो खंड शस्त्रक्रियेने काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. फुप्फुसातले वायुकोश जन्मानंतरही पहिली काही वर्षे संख्येने वाढत असतात. म्हणजे ज्या वयात फुप्फुस अजून घडत असते त्याच वयात हा नास सुरू होतो. वस्तू पहिल्या एक-दोन दिवसांत निघाली तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात आणि मागे काहीही राहत नाही. एवढा मोठा फरक केवळ गेलेल्या वेळाने पडतो.

गोंदियाकडचे एक कुटुंब माझ्या चांगले लक्षात आहे. मुलगी पावणेदोन वर्षांची. होळी होऊन गेली होती, आणि उजव्या बाजूला खालच्या भागात तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला होता. ठसका लागल्याचे घरचे नाकारतात, असे कागदावर लिहिलेले होते. तिची आजी, वडिलांची आई, बाकावर बसून ठामपणे सांगत होती, “आमच्या पोरीनं काही गिळलं-बिळलं नाही जी. आम्ही तिले एकटं सोडतच नाही.” थोड्या वेळाने आजी पाणी आणायला गेली. मुलीला धरायला आत आलेली आई एप्रनचे पट्टे बांधता बांधता अगदी हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, संक्रांतीच्या लुटीत ठसका लागला होता तिले. ओठ निळे झाले होते. मंग आपोआप बरी झाली. लुटीत दाणे मीच कालवले होते. सासूबाईले नका सांगू.”

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांना बोरन्हाण घालतात, आमच्याकडे त्याला लूट म्हणतात. मुलाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, औक्षण करतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, मुरमुरे, रेवड्या, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे तुकडे, अलीकडे गोळ्या-चॉकलेटेही ओततात. भोवतालची मुले ते गोळा करायला झडप घालतात. गोंगाट, हसणे, ओढाताण, आणि हाती आले ते लगेच तोंडात. हा सोहळा मला मनापासून आवडतो. तो ज्या वयाच्या मुलांसाठी असतो तेच वय या अपघाताचे आहे, ही गोष्ट मात्र त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेली नाही.

आईचा होकार घेऊन मी ते डॉक्टरांच्या कानावर घातले. दुसऱ्या दिवशी भूल देऊन दुर्बिणीने तपासणी झाली आणि फुगून कुजत आलेला अर्धा दाणा तुकड्यातुकड्यांनी बाहेर निघाला. मिटलेल्या भागात हवा पुन्हा शिरू लागली, पण नंतरच्या फोटोंतही तिथल्या नळ्यांच्या जाड रेषा तशाच राहिल्या. संक्रांत ते होळी एवढ्या काळात तिच्या फुप्फुसाचे जे झाले ते पूर्णपणे भरून निघाले नाही.

ती आई का गप्प राहिली? ‘तुझं लक्ष कुठं होतं?’ हा प्रश्न तिला ठाऊक होता. आपल्या घरांमध्ये मुलाला काही झाले की तो सर्वांत आधी विचारला जातो, आणि बहुधा सुनेलाच विचारला जातो. जिला तो झेलायचा असतो ती बाई त्या ठशक्याला मनातल्या मनात लहान करत नेते; तो तर दोन मिनिटांत थांबला, त्याचा या खोकल्याशी काय संबंध, असे स्वतःलाच पटवत राहते, आणि महिन्याभराने ते तिला खरेही वाटू लागते. मोठ्या भावंडाने भरवले असेल तर ते मार बसेल म्हणून बोलत नाही. सांभाळणारी बाई काम जाईल म्हणून बोलत नाही. आजोबांनी खिशातले फुटाणे नातवाला दिले असतील तर त्यांचा मान राखण्यासाठी अख्खे घर गप्प बसते. ही गोष्ट दोन सेकंदांत घडते. डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसासमोरही घडते. म्हणूनच माझे ठाम मत आहे की घरातला दोषारोप हा या आजाराचाच एक भाग आहे आणि फुप्फुस नासवण्यात त्याचा वाटा दाण्याइतकाच आहे.

विचारणाऱ्यांनीही विचारण्याची पद्धत बदलायला हवी. ‘काही गिळलं का?’ असे विचारले तर प्रामाणिक माणूसही नाही म्हणतो, कारण त्याने मुलाला काही गिळताना पाहिलेले नसते. ‘खाताना किंवा खेळताना कधी जोराचा ठसका लागला होता का, क्षणभर का असेना, दोन-तीन महिन्यांपूर्वी का असेना?’ असे विचारले की लोक आठवू लागतात. आणि हा प्रश्न आईला, आजीला, मोठ्या भावंडाला निरनिराळे बाजूला घेऊन विचारावा. तपासणीच्या खोलीत सगळ्यांच्या देखत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना रुचेल असेच मिळते.

श्वासनलिकेतली वस्तू नळी घालून बाहेर काढण्याची विद्या फार जुनी नाही. १८९७ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेच्या शाखेत अडकलेला हाडाचा तुकडा या पद्धतीने काढला, आणि तिथून ब्राँकोस्कोपीची सुरुवात मानली जाते. पुढे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे शेव्हलिए जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी या कामाला शिस्त आणली. रुग्णांच्या श्वासनलिकेतून आणि अन्ननलिकेतून काढलेल्या २००० हून अधिक वस्तू त्यांनी जपून ठेवल्या आणि त्या आजही फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहेत. घरघर लागलेल्या प्रत्येकाला दमाच असतो असे नाही, हे त्यांनी शतकापूर्वी बजावले होते. मला त्यांच्याविषयी अधिक आदर वाटतो तो दुसऱ्या एका गोष्टीसाठी. घरात ठेवलेला कॉस्टिक सोडा तोंडात जाऊन मुलांच्या अन्ननलिका जळत, त्यांच्यावर उपचार करता करता त्यांनी अशा डब्यांवर धोक्याची सूचना छापणे सक्तीचे व्हावे म्हणून आग्रह धरला, आणि १९२७ मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला.

आज मुलाला पूर्ण भूल देऊन तोंडावाटे सरळ धातूची नळी श्वासनलिकेत उतरवतात आणि तिच्यातून चिमटा नेऊन वस्तू पकडतात. त्याच नळीतून मुलाचा श्वासही चालू ठेवायचा असतो, त्यामुळे भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांना एकाच अरुंद वाटेत काम करावे लागते. ताजा दाणा पुष्कळदा अखंड निघतो, जुना चिमट्यात भुगा होतो. सहीचा कागद समोर आला की पालक भुलीला घाबरतात, आणि तपासणीत काहीच सापडले नाही तर पोराला उगाच त्रास दिला अशी त्यांची भावना होते. ठशक्याची हकिगत खात्रीची असेल तर दुर्बिणीने आत पाहून घेणेच योग्य, आणि काही न सापडणे ही आनंदाची बातमी समजावी.

प्रत्यक्ष ठसका लागला तर काय करायचे हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. मूल जोराने खोकत असेल, रडू शकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. पाणी पाजू नये, भाताचा गोळा किंवा केळे भरवू नये. तोंडात बोट घालून चाचपू नये, कारण न दिसणारी वस्तू त्याने आणखी खाली जाते. आवाज बंद झाला आणि श्वास येईनासा झाला, तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरकस थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाबावे आणि हे आलटूनपालटून करत राहावे. एक वर्षावरील मुलाला पाठीवर ५ थापा दिल्यावर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली ५ वेळा आत आणि वरच्या दिशेने झटका द्यावा. पोटावरच्या झटक्याची ही रीत हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडली. दुसऱ्या कोणीतरी तोवर १०८ ला फोन करावा. आणि मूल आपोआप बरे वाटू लागले तरी त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेऊन ठसका लागल्याचे सांगावे.

चार वर्षांपर्यंत अख्खा दाणा, फुटाणा, सुपारी देऊ नये. कूट करून, पीठ करून द्यावे. सीताफळ बिया काढून द्यावे, बोराचा नुसता गर काढून द्यावा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन दारी येणाऱ्या चिमुकल्यांच्या हातावर फुटाणे ठेवण्याऐवजी मऊ बिस्किटे ठेवावीत. लुटीत मोठी बोरे, झेंडूची फुले आणि तान्ह्यांना तोंडात घालता येणार नाहीत अशी खेळणी चालतील. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळीत पूर्ण मावला तर ते खेळणे चाचणीत नापास होते. जत्रेतल्या पिपाणीने किंवा दिवे लागणाऱ्या स्वस्त मोटारीने ही नळी कधी पाहिलेलीच नसते.

राष्ट्रीय लसीकरणाच्या वेळापत्रकात ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा असते आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरी. मूल हाताने खायला लागते आणि धावायला लागते त्याच दोन टप्प्यांवर ते अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात आणले जाते, आणि लस टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे असते. त्या अर्ध्या तासात आशाताईने किंवा परिचारिकेने दाणा-फुटाण्याचे सांगावे, पाठीवर थापा कशा द्यायच्या ते करून दाखवावे, आणि ठसका लागला तर तो कोणाच्याही चुकीचा हिशोब न करता डॉक्टरांना सांगायचा, हेही सांगावे. माझे म्हणणे विचाराल तर हे आईच्या आधी आजीला सांगावे, कारण बहुतेक घरांत मुलाला दवाखान्यात केव्हा न्यायचे ते तीच ठरवते.